रस्ता वळला आणि कॅल्क्युलेटर फिरला

पत्र:

सर, मी सिव्हिलचा डिप्लोमा करून एका कंत्राटदाराकडे सर्व्हेअर म्हणून काम करते. सध्या रस्ता रुंदीकरणाचं काम चालू आहे. आमचे सीनियर सर्व्हेअर नोकरी सोडून आखातात गेले. जाताना त्यांचा कॅसिओ एफएक्स-५८००पी मला देऊन गेले. त्यात त्यांनी भरलेले बरेच प्रोग्रॅम आहेत. मी त्यातला एकच वापरते. दोन पॉइंटचे कोऑर्डिनेट दिले की तो अंतर आणि बेअरिंग (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन) देतो. आमचं टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजायचं यंत्र) जुनं आहे. सीनियर बेअरिंग काढून हॉरिझॉन्टल अँगल लावायचे, मीही तसंच करते. काही महिने सगळं चोख चाललं. मग एका मोरीच्या हेडवॉलचे (तोंडाशी असणाऱ्या भिंतीचे) पॉइंट टाकताना प्रिझम (यंत्राचा किरण परतवणारी काच) धरणारा हेल्पर भलत्याच बाजूला जाऊन उभा राहिला. अंतर बरोबर, दिशा उलटी. नंतर आणखी काही वेळा तसंच झालं, आणि एकदा नुसतंच 'मॅथ एरर' आलं. साइट इंजिनीअर सगळ्यांसमोर म्हणाले, "हे खेळणं घरी ठेव, मोबाइलवर अ‍ॅप टाक." यंत्र बिघडलंय का? मला प्रोग्रॅमिंग येत नाही. ते शिकावं, की आता हा प्रकार कालबाह्य झालाय? शिवाय नोकरी सांभाळून मी डिग्री करतेय, परीक्षेला हा कॅल्क्युलेटर चालेल का? वयाने मी तुमच्या मुलीसारखी आहे, अगं-तुगं केलंत तरी चालेल.

– साइटवरची एकटी मुलगी, मराठवाडा

उत्तर:

यंत्र ठणठणीत आहे. दुरुस्तीला वगैरे देऊ नकोस.

अंतर बरोबर पण दिशा उलटी, आणि मधूनच 'मॅथ एरर'. ही दोन लक्षणं एकत्र सांगितलीस म्हणून काम सोपं झालं. दोष एकाच ओळीत आहे आणि ती ओळ तुझ्या सीनियरांनी लिहिलेली आहे. प्रोग्रॅमच्या मोडमध्ये जा. तिथे रन, एडिट, डिलीट असे पर्याय दिसतील. एडिट घे, आणि डिलीटच्या आसपास बोट जाणार नाही याची काळजी घे. आत ईस्टिंगमधला (पूर्वेकडे मोजलेल्या अंतरातला) फरक भागिले नॉर्दिंगमधला (उत्तरेकडे मोजलेल्या अंतरातला) फरक आणि त्याचा टॅन इन्व्हर्स, म्हणजे त्या भागाकारावरून काढलेला कोन, अशी ओळ सापडेल. तिच्याखाली बहुतेक 'उत्तर शून्यापेक्षा कमी असेल तर ३६० मिळवा' असंही असेल. असंख्य सर्व्हेअरांच्या कॅल्क्युलेटरात हा प्रोग्रॅम असाच बसलेला असतो, आणि अर्ध्या दिशांना तो खरंच बरोबर उत्तर देतो. त्यामुळेच तो इतके दिवस पकडला जात नाही.

आकडे घालून बघ. तुझं स्टेशन नॉर्दिंग १०००, ईस्टिंग १००० वर आहे. टाकायचा पॉइंट नॉर्दिंग ९४०, ईस्टिंग १०८० वर आहे. म्हणजे नॉर्दिंगमधला फरक उणे ६० आणि ईस्टिंगमधला अधिक ८०. अंतर बरोबर १०० मीटर. ते वर्गमूळातून येतं, तिथे चिन्हाचा प्रश्नच नाही, म्हणून तुझं अंतर कधी चुकलं नाही. आता दिशा. ८० भागिले उणे ६०, त्याचा टॅन इन्व्हर्स उणे ५३ अंश ७ मिनिटे ४८ सेकंद. त्यात ३६० मिळवले की ३०६ अंश ५२ मिनिटे १२ सेकंद. पण पॉइंट तर तुझ्या दक्षिण-पूर्वेला आहे! खरं बेअरिंग १२६ अंश ५२ मिनिटे १२ सेकंद. दोन्हींत नेमका १८० अंशांचा फरक. तुझा हेल्पर गेला तो याच हिशेबाने गेला, त्याला बोलू नकोस.

भागाकार झाला की दोन्ही फरकांची चिन्हं एकमेकांत मिसळतात. उणे ८० भागिले उणे ६० आणि ८० भागिले ६०, दोन्हींचं उत्तर एकच. पहिला पॉइंट दक्षिण-पश्चिमेला आहे आणि दुसरा उत्तर-पूर्वेला, हे टॅन इन्व्हर्सला कळायला काही मार्गच उरत नाही. डिप्लोमाला तू हे हाताने केलं आहेस. लॅटिट्यूड (नॉर्दिंगचा फरक) ऋण, डिपार्चर (ईस्टिंगचा फरक) धन, म्हणून साउथ-ईस्ट, म्हणून १८० मधून वजा करा. तिथे कोणता क्वाड्रंट, म्हणजे वर्तुळाचा कोणता चतुर्थांश, ते तुझे डोळे ठरवायचे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ते काम यंत्राला सांगितलंच नाही.

पण मग इतके महिने चाललं कसं? माझा अंदाज सांगतो, तू फील्ड बुकात पडताळून बघ. हा प्रोग्रॅम स्टेशनच्या उत्तरेकडच्या अर्ध्या वर्तुळात नेहमी बरोबर असतो आणि दक्षिणेकडच्या अर्ध्यात नेहमी उलटा. सीनियरांचं काम दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असणार. स्टेशन मागे, पॉइंट पुढे. मोरीपाशी एक तर रस्ता वळला असेल, नाही तर झाडी किंवा डंपर आड आले म्हणून तू स्टेशन मोरीच्या पलीकडे लावलं असशील आणि पॉइंट तुझ्या दक्षिणेला आले असतील. 'मॅथ एरर' आला तेव्हा दोन्ही पॉइंटचं नॉर्दिंग तंतोतंत सारखं होतं, म्हणजे पॉइंट सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला होता. शून्याने भागायला सांगितल्यावर यंत्र दुसरं काय म्हणणार?

आता उपाय. तुझ्या हातातल्या यंत्रात यासाठी तयार फंक्शन आहे, 'पोल'. काटकोनातल्या दोन बाजू दिल्या की ते अंतर आणि कोन दोन्ही देतं, आणि चिन्हं स्वतः बघून क्वाड्रंटही बरोबर ठरवतं. नॉर्दिंगचा फरक शून्य असला तरी अडत नाही. गणिताच्या पुस्तकात पहिली किंमत एक्स, दुसरी वाय, आणि कोन एक्सच्या अक्षापासून घड्याळाच्या उलट्या दिशेने. सर्व्हेत आपल्याला कोन उत्तरेपासून आणि घड्याळाच्या दिशेने हवा. दोन्ही गोष्टी एका चालीत साधतात. पहिल्या जागी नॉर्दिंगचा फरक द्यायचा, दुसऱ्या जागी ईस्टिंगचा. पोल, उणे ६०, स्वल्पविराम, ८०. उत्तर १०० आणि १२६.८६९९ अंश. बस्स.

क्रम मात्र उलटा झाला तर गंमत बघ. ८० आधी आणि उणे ६० नंतर दिलंस की कोन येतो उणे ३६ अंश ५२ मिनिटे १२ सेकंद. मिनिटं आणि सेकंद खऱ्या उत्तराशी जुळतात! घाईत नजर ५२ आणि १२ वर पडते आणि 'हो, तेच' म्हणून माणूस पुढे जातो. ऑटोकॅडवाल्या मुलांकडून शीट आली असेल तर आणखी सावध राहा. त्यांच्याकडे एक्स म्हणजे ईस्टिंग आणि तेच पहिल्या कॉलमात असतं. टोटल स्टेशनमध्येही काही ठिकाणी नॉर्दिंग-ईस्टिंग आणि काही ठिकाणी ईस्टिंग-नॉर्दिंग असा क्रम सेटिंगमध्ये निवडता येतो. शीट हातात आली की कॉलमच्या डोक्यावर काय लिहिलंय ते आधी वाच, आणि काहीच लिहिलं नसेल तर ऑफिसला फोन कर. अंदाजाने धरू नकोस.

पोल कोन उणे १८० ते अधिक १८० मध्ये देतं. म्हणून उणे आला तर ३६० मिळवायचे, हे तेवढं तुझ्या प्रोग्रॅममध्ये राहील. सगळा प्रोग्रॅम इतकाच. पहिल्या ओळीत 'डिग्री' ही आज्ञा. पुढच्या चार ओळींत चार किंमती विचारून ए, बी, सी, डी या अक्षरांत ठेवायच्या : स्टेशनचं नॉर्दिंग, ईस्टिंग, पॉइंटचं नॉर्दिंग, ईस्टिंग. प्रत्येक प्रश्नचिन्हाआधी अवतरणात नाव टाक, म्हणजे पडद्यावर काय विचारलंय ते दिसेल. मग पोल, सी वजा ए, स्वल्पविराम, डी वजा बी. ५८०० मध्ये पोलचं अंतर आपोआप 'आय' मध्ये जातं आणि कोन 'जे' मध्ये. मग 'जे शून्यापेक्षा कमी असेल तर जे अधिक ३६० पुन्हा जे मध्ये'. शेवटी आय दाखव, जे अंश-मिनिटांत दाखव. दाखवायच्या ओळीपुढे तो काळा त्रिकोण द्यायला विसरू नकोस. त्रिकोण असला की यंत्र उत्तर दाखवून थांबतं, तू 'ईएक्सई' ही पुढे चालवायची कळ दाबेपर्यंत. नुसती नवी ओळ दिलीस तर अंतर न दाखवताच पुढे पळतं आणि तुला शेवटचा कोन तेवढा दिसतो.

'मला प्रोग्रॅमिंग येत नाही' असं तू लिहिलंस. वर जे वाचलंस ते प्रोग्रॅमिंगच आहे, आणि ते संध्याकाळी चहा घेता घेता टाकून होईल. अक्षरं शोधायला वेळ लागतो तेवढाच. सीनियरांचा मूळ प्रोग्रॅम पुसू नकोस. नवा वेगळ्या नावाने ठेव, आणि जुन्याच्या नावात काही खूण कर, म्हणजे घाईत तो उघडणार नाही. आणि शक्य झालं तर सीनियरांना एक फोन कर. तक्रार म्हणून नव्हे. आखातात त्यांच्या नव्या यंत्रातही तोच प्रोग्रॅम असणार, त्यांना कळलेलं बरं.

पहिल्या ओळीतल्या 'डिग्री'बद्दल थोडं जास्त लिहितो, कारण साइटवर यातून होणारं नुकसान फार. कॅल्क्युलेटर अंश, रेडियन आणि ग्रेड (काटकोनाचे १०० भाग) या कोनाच्या तिन्ही एककांत चालतो आणि कोणीतरी हाताळला की सेटिंग बदलून येतो. तू दुपारी जेवायला बसलीस, स्टोअरवाल्याने हिशेबाला घेतला, संपलं. ओळखायची जुनी युक्ती आहे : साइन ३०. अर्धा आला तर अंश. उणे ०.९८८ आला तर रेडियन, आणि तो इतका विचित्र दिसतो की लक्षात येतोच. धोका ग्रेडचा. तिथे ०.४५४ येतो, अर्ध्याच्या जवळपास, आणि घाईत तो खपून जातो. प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळीत डिग्रीची आज्ञा असली की हा प्रश्न मिटतो. सीनियरांच्या बाकीच्या प्रोग्रॅमांतही ती ओळ आहे का बघ, नसेल तर घाल.

कोन भरतानाही असंच होतं. १२६ अंश ५२ मिनिटे भरायचे तर अंशाच्या खुणेची कळ मध्ये मध्ये दाबावी लागते. काहीजण सरळ १२६.५२ भरतात. यंत्र त्याचा अर्थ १२६ अंश ३१ मिनिटे १२ सेकंद असा घेतं. जवळपास २१ मिनिटांचा फरक. १०० मीटरवर तो साधारण ६० सेंटिमीटर होतो. पूर्ण उलटी दिशा गेली तर हेल्पर चुकीच्या बाजूला दिसतो आणि सगळे हसतात. ६० सेंटिमीटरवर कोणी हसत नाही, खड्डा खणला जातो, पीसीसी (पायाखालचं साधं काँक्रीट) होते. मला दुसरी चूक जास्त भयंकर वाटते. ही सवय कुठून येते तेही सांगतो. एचपीच्या कॅल्क्युलेटरांवर कोन १२६.५२१२ असाच, दशांश चिन्हानंतर मिनिटं आणि सेकंद सलग लिहून भरायचा आणि मग अंशांत बदलायचा, अशी रीत होती. आखातात किंवा परदेशी कंपन्यांत काम केलेल्या जुन्या सर्व्हेअरांचा हात त्यावर बसलेला असतो. तुझ्या यंत्रातल्या एखाद्या प्रोग्रॅमलाही कोन तसाच लागत असेल. आतल्या ओळी वाचल्याशिवाय हे बाहेरून कळत नाही.

अजून एक, आणि मग आपण पुढे जाऊ. ए पासून झेडपर्यंतची अक्षरं सगळ्या प्रोग्रॅमांना सामाईक आहेत. एका प्रोग्रॅमने 'ए' मध्ये ठेवलेला आकडा दुसऱ्यातही तोच असतो, आणि कॅल्क्युलेटर बंद केला तरी जात नाही. त्यामुळे ज्या प्रोग्रॅममध्ये पोल किंवा त्याचा भाऊ 'रेक' आहे, तिथे आय आणि जे दुसऱ्या कशालाही वापरायचे नाहीत. सीनियरांनी कुठे ओळी मोजायला आय घेतला असेल, तर पोल आला की मोजणी पुसली जाईल आणि प्रोग्रॅम कधी थांबणार नाही, कधी आधीच थांबेल. तो 'रेक' मात्र शिकून ठेव. अंतर आणि बेअरिंग दिलं की नॉर्दिंग-ईस्टिंगचे फरक देतो. १०० आणि १२६ अंश ५२ मिनिटे ११.६३ सेकंद देऊन बघ, उणे ६० आणि ८० परत मिळाले पाहिजेत.

तपासणी नेहमी अशीच करायची. नवा प्रोग्रॅम टाकला, की साइटवर नेण्याआधी वहीत चार उदाहरणं. मध्ये स्टेशन, चार कोपऱ्यांत चार पॉइंट : फरक ६० आणि ८० चे, चिन्हं बदलत. बेअरिंग अनुक्रमे ५३.१३, १२६.८७, २३३.१३ आणि ३०६.८७ आलं पाहिजे, अंतर प्रत्येक वेळी १००. शिवाय सरळ उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम असे चार. तुझ्या सीनियरांनी हे आठ आकडे एकदा घातले असते तर प्रोग्रॅम त्याच दिवशी पकडला गेला असता. त्यांना दोष देत नाही. ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याला आपल्या कामापुरती उदाहरणंच सुचतात.

आता साइट इंजिनीअरांचं म्हणणं. त्यांनी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, पण त्यांचं सगळंच चूक नाही. तुमच्या टोटल स्टेशनमध्ये, जुनं असलं तरी, सेटिंग आउटचा स्वतःचा प्रोग्रॅम असण्याची शक्यता दाट आहे. स्टेशन, बॅकसाइट (दिशा जुळवायचा आधीच माहीत असलेला पॉइंट) आणि पॉइंट भरले की ते स्वतःच किती वळायचं ते सांगतं. रोजची आखणी त्यानेच कर, ते जलद आहे आणि त्यात आकडे लिहून घेताना होणाऱ्या चुका टळतात. अ‍ॅपबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. मे महिन्यातल्या उन्हात मोबाइलच्या काचेवर आपलंच तोंड दिसतं, धुळीच्या बोटांनी आकडे भरले जात नाहीत, आणि ऐन वेळी मुकादमाचा फोन येतो. पण हे किरकोळ झालं. खरी अडचण ही की अ‍ॅपच्या आत काय लिहिलंय ते तुला उघडून बघता येत नाही. आज तुला सीनियरांची चूक सापडली, कारण ती ओळ वाचता येत होती.

मग कॅल्क्युलेटर कशाला? दुसऱ्या मताला. टोटल स्टेशनने दिलेली दिशा आणि तू स्वतंत्रपणे काढलेलं बेअरिंग जुळलं, की काँक्रीट ओतायला हरकत नाही. ही कल्पना जुनी आहे. १९७४ मध्ये एचपीचा ६५ आला, मॅग्नेटिक कार्डवर प्रोग्रॅम साठवणारा आणि हातात मावणारा पहिला कॅल्क्युलेटर. किंमत ७९५ डॉलर. पुढच्याच वर्षी अपोलो-सोयुझ मोहिमेत अमेरिकन अंतराळवीरांनी तो यानातल्या मुख्य संगणकाला पर्याय म्हणून सोबत नेला. यानात संगणक असताना! तुझी मोरी अंतराळात नाही, पण हेडवॉल तोडून पुन्हा बांधायला लागली की ते बिलही थोडं नसतं.

शिकावं का, या प्रश्नाला माझं उत्तर हो आहे, पण सगळे प्रोग्रॅम शिकायच्या मागे लागू नकोस. एकदाच करायचं गणित असेल तर साधा कॅल्क्युलेटर आणि वही पुरे. बंद ट्रॅव्हर्सची (फिरून सुरुवातीच्या पॉइंटला येणाऱ्या मोजणीची) गेल्स टेबल हा तक्ता आणि बॉडिच करेक्शन, म्हणजे उरलेली चूक वाटून देणं, ऑफिसात एक्सेलवर कर. ती तक्त्याची कामं आहेत, छोट्या पडद्यावर कॉलम दिसत नाहीत. प्रोग्रॅमची मजा आहे तीच आकडेमोड पुन्हा पुन्हा आणि उभ्या उभ्या करायची असते तिथे. बेअरिंग-अंतर हे एक. दुसरं म्हणजे कर्व्ह, आणि रस्त्याच्या कामात ते तुला रोज लागणार.

एक कर्व्ह घे. त्रिज्या ३०० मीटर, डिफ्लेक्शन (रस्ता एकूण वळतो तो कोन) ४० अंश, आयपीचं (दोन्हीकडच्या सरळ रेषा छेदतात त्या पॉइंटचं) चेनेज, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, १२५०. टॅन्जंट (आयपीपासून कर्व्हच्या टोकापर्यंतची सरळ लांबी) १०९.१९१, म्हणजे कर्व्ह ११४०.८०९ ला सुरू. लांबी २०९.४४०, म्हणजे १३५०.२४९ ला संपतो. २० मीटरच्या चेनेजवर पॉइंट हवेत, म्हणून पहिला तुकडा १९.१९१ चा, मग २० चे नऊ, शेवटी १०.२४९. रँकिनच्या पद्धतीने प्रत्येक तुकड्याचा डिफ्लेक्शन अँगल मिनिटांत १७१८.८७ गुणिले कॉर्ड (तुकड्याच्या दोन टोकांतलं सरळ अंतर) भागिले त्रिज्या. २० मीटरला १ अंश ५४ मिनिटे ३५ सेकंद. हे सगळं अकरा ओळींचं काम, बेरजा करत करत, हाताने केलं तर मध्येच एखादी बेरीज घसरते. 'फॉर' आणि 'नेक्स्ट' (तीच कृती पुन्हा पुन्हा करवणाऱ्या आज्ञा) घालून प्रोग्रॅम केलास की प्रत्येक 'ईएक्सई'ला पुढचं चेनेज आणि पुढचा अँगल. तपासायची सोय कर्व्हमध्येच आहे : शेवटच्या पॉइंटचा अँगल डिफ्लेक्शनच्या निम्मा, इथे बरोबर २० अंश यायला हवा. तो आला नाही तर प्रिझम हलवायचाच नाही.

रँकिनचं सूत्र कॉर्ड आणि आर्क (वळणावरून मोजलेली लांबी) सारखेच मानतं, हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि आपण ते विसरतो. ३०० च्या त्रिज्येला २० मीटरच्या तुकड्यात फरक ३.७ मिलिमीटर, सोडून दे. पण फाट्यावरचं वळण, ५० मीटर त्रिज्या, तिथे तोच २० मीटरचा तुकडा घेतलास तर फरक १३ सेंटिमीटरचा. तिथे तुकडे ५ मीटरचे कर, किंवा प्रोग्रॅममध्ये खरी कॉर्ड काढ : त्रिज्येची दुप्पट गुणिले त्या तुकड्याच्या डिफ्लेक्शन अँगलचा साइन. प्रोग्रॅम असल्यामुळे खरं सूत्र वापरायला जास्त कष्ट पडत नाहीत. हाताने काढताना जी तडजोड ठीक होती ती आता कशाला?

हे प्रोग्रॅम वहीतही उतरवून ठेव, ओळ न ओळ. ५८०० संगणकाला जोडता येत नाही. केबलने फक्त दुसऱ्या ५८०० ला प्रोग्रॅम देता येतात, आणि तुझ्या साइटवर दुसरा नाही.

राहिली परीक्षा. तिथे हा नेऊ नकोस. तांत्रिक शिक्षण मंडळाच्या प्रश्नपत्रिकेवर 'नॉन-प्रोग्रॅमेबल' हा शब्द सूचनांत छापलेला असायचा, तो तू डिप्लोमाला वाचला असशीलच. विद्यापीठांच्या सूचना वेगवेगळ्या असतात. पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या पेपरांवर वर्षानुवर्षं लॉग टेबल, स्लाइड रूल आणि पॉकेट कॅल्क्युलेटर चालेल असं छापून येत असे. स्लाइड रूल बघितलेलं पोर वर्गात एक नसेल, पण सूचना कायम! तरी अशा ढोबळ वाक्याच्या भरवशावर प्रोग्रॅम भरलेलं यंत्र घेऊन बसू नकोस. पर्यवेक्षकाने हरकत घेतली तर तिथे वाद घालत बसायला वेळ नसतो. पुढे गेट (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) द्यायचा विचार असेल तर तिथे स्वतःचा कॅल्क्युलेटरच नेता येत नाही, पडद्यावरचा माउसने चालवावा लागतो. त्याचा सराव आधी कर.

परीक्षेसाठी एफएक्स-९९१ईएस घे, बहुतेक तुझ्याकडे डिप्लोमापासून असेल. तो प्रोग्रॅमेबल नाही, पण पोल त्यातही आहे, शिफ्ट आणि अधिकच्या कळीवर. उत्तरं तिथे आय-जे मध्ये न जाता एक्स आणि वाय मध्ये जातात, एवढं लक्षात ठेव. 'कॅल्क' नावाची कळ आहे. अक्षरं घालून सूत्र एकदा लिहिलं की ती दर वेळी किंमती विचारून उत्तर देते. डिफ्लेक्शन अँगलचं सूत्र असं एकदा लिहून ठेवलंस तर अकरा ओळी झपाट्याने होतात. मात्र पेपरात लॅटिट्यूड, डिपार्चर, क्वाड्रंट, रिड्यूस्ड बेअरिंग (उत्तर किंवा दक्षिणेपासून मोजलेला लहान कोन) या पायऱ्या पूर्ण लिही आणि पोल फक्त ताळ्याला वापर. नुसतं १२६ अंश ५२ मिनिटे लिहिलंस आणि शेवटचा आकडा चुकला, तर परीक्षकाला गुण द्यायला मधली एकही ओळ सापडणार नाही.